रस्ता कोणाच्या वावरातून जातो?

(संस्थेच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत यवतमाळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच सभेत जेवणाच्या वेळी एका बंधूंनी मला एक प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "ताई, पोडाचा रस्ता जेमतेम अडीच किलोमीटर. पैसे आम्ही जमवतो. जेसीबी भाड्याने लावा, मुरूम टाका आणि आठ दिवसांत मोकळे व्हा. दोन दोन वर्षं कागद कसले रंगवत बसलात?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पंगत उठत होती, हे खरं. पण खरं कारण वेगळं होतं. उत्तर द्यायचं तर माझी एक चूक आधी सांगावी लागली असती, आणि ती सांगायला मी तयार नव्हते. आज ती सांगते.

पोड आणि महामार्ग

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडी ओळख. कोलाम समाजाच्या वस्तीला आपल्याकडे पोड म्हणतात. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत अशी पोडं पुष्कळ आहेत. केंद्र सरकारने देशातल्या ७५ जमातींना विशेष दुर्बळ आदिवासी गट मानलं आहे. महाराष्ट्रातल्या तीन जमाती त्यात आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि आपले कोलाम. घरात ते कोलामी बोलतात, आपल्याशी वऱ्हाडी.

मी ज्या पोडाविषयी बोलणार आहे त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथे साधारण १९० माणसं राहतात. आपल्या मंडळीचं तिथे एकही घर नाही, आणि आपलं तिथलं काम त्यासाठी नाहीच. पोषणाचं काम, मुलांच्या अभ्यासिकेचं काम आणि सरकारी कागदांत लोकांना मदत, एवढंच आपण तिथे करतो.

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या जिल्ह्यातून पांढरकवड्यावरून जातो. पोडाच्या टेकडीवर रात्री उभं राहिलं की त्या महामार्गावरच्या ट्रकांचे दिवे दिसतात. आणि पोडावरून खालच्या गावाला यायचं तर एक नाला, मग जंगल, मग वावरं. पावसाळ्यात नाला फुगला की माणूस अडकला. आजारी माणसाला बाजेवर घालायचं, चौघांनी खांदा द्यायचा आणि पाणी कमरेखाली येण्याची वाट पाहायची. मी हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी ठरवलं होतं, इथे रस्ता झाला पाहिजे. माझी चूक इथूनच सुरू होते. ठरवणारी मी होते.

माझी घाई

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी झारखंडमधल्या खुंटी इथून पीएम-जनमन अभियान सुरू झालं. वर सांगितलेल्या ७५ जमातींसाठीच ते आहे. त्यात घरं, पाणी, अंगणवाडी यांच्याबरोबर देशभरात ८,००० किलोमीटर रस्ते धरले आहेत आणि शंभराहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या त्यासाठी घेतल्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या पोडाचं नाव यादीत आल्याचं कळलं. मोजणी झाली, आखणी झाली. एकूण रस्ता सुमारे २.४ किलोमीटर. त्यातले १,१०० मीटर वनजमिनीतून, बाकीचा वावरांतून.

आता ग्रामसभेचा ठराव हवा होता आणि ज्यांच्या शेतातून रस्ता जाणार त्यांची संमतीपत्रं हवी होती. पावसाळ्याच्या आत काम सुरू व्हावं म्हणून सगळेच घाईत होते, आणि सगळ्यांत जास्त घाई मला होती. मला म्हणण्यात आलं, "ताई, तुमचं लोक ऐकतात. सह्या-अंगठे तेवढे तुम्ही मिळवून द्या. सभा भरली असं आपण लिहून घेऊ."

मी दिले मिळवून. दोन संध्याकाळी घरोघर फिरले. शाईचा डबा माझ्या पिशवीत. "रस्ता येतोय, इथे अंगठा लावा." एकाही माणसाने नाही म्हटलं नाही. ६१ अंगठे झाले. पोडाचे प्रौढ ११८, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याच फेरीत तीन संमतीपत्रांवरही अंगठे घेतले. घरी येऊन देवाचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले.

चार दिवसांनी आखणीचे खुंटे रोवायला माणसं आली. मी तिथे होते. एका आजीच्या वावराच्या बरोबर मधोमध खुंटा ठोकला गेला. आजी विधवा, जमीन तीन एकर, धुऱ्यावर दोन मोहाची झाडं. ती आली, खुंट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाई, रस्ता मले बी पाह्यजे. पण तो माह्या वावराच्या मधातून जाते, हे तुमी मले सांगतलं काय?"

मी म्हणाले, "आजी, तुम्ही अंगठा दिलात ना?"

"अंगठा तं घेतला तुमी. इचारलं कुठी?"

मला उत्तर सुचलं नाही. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला आम्हांला बरंच शिकवलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "जुनी पांदण हाय ना. माह्या सासऱ्याची बंडी तिच्यातूनच जाये."

नाबोथाचा द्राक्षमळा

त्या रात्री मी १ राजे, अध्याय २१ उघडला. नाबोथाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो, आणि ऐकताना अहाब राजाला लगेच दुष्ट ठरवून मोकळे होतो. त्या रात्री मी ती सावकाश वाचली.

अहाबाने सुरुवातीला काय केलं? राजवाड्याशेजारची जमीन भाजीच्या मळ्यासाठी मागितली. बदल्यात याहून चांगला द्राक्षमळा देतो म्हणाला, नाहीतर रोख किंमत देतो म्हणाला. आजच्या भाषेत पर्यायी जमीन किंवा मोबदला. यात काही गैर नव्हतं. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची वतनी जमीन होती. तो नकार ऐकून घेतला असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

पुढे ईजबेल येते. तिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि ती वडीलजनांना पाठवली. उपास जाहीर झाला, लोकांची सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले. बंधूभगिनींनो, नियमाप्रमाणे काय राहिलं? पत्र आहे, शिक्का आहे, सभा आहे, साक्षीदार दोन आहेत. फाईल पूर्ण आहे. आणि एक निरपराध माणूस मेला, त्याची जमीन गेली.

मी कोणाला दगड मारले नव्हते. माझा हेतू चांगला होता. पण माझीही फाईल पूर्ण होती आणि सभा भरलेली नव्हती. जी संमती मागताना नाही म्हणायला जागा ठेवलेली नाही, ती संमती कागदावरच असते, हे मला त्या रात्री कळलं.

कायदा खरं काय मागतो

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला बसले. जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकजण आपापल्या भागात अशा कामांना मदत करता.

पहिली गोष्ट, जमीन कशासाठी वापरायची हे महाराष्ट्रात कोणी मनाने ठरवत नाही. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे. प्रादेशिक योजनेत शेती कुठे, जंगल कुठे, वस्ती कुठे, रस्ते कुठून हे मांडता येतं. आणि तो आराखडा आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. नियोजनाचा अर्थच तो : वापरण्याआधी ठरवायचं आणि ठरवण्याआधी विचारायचं. पोडाचा रस्ता त्या मोठ्या योजनेपुढे मुंगीएवढा. पण विचारण्याचा नियम मुंगीलाही लागू आहे.

दुसरी, वनजमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या तेरा सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तळं, पिण्याचं पाणी, वीज आणि त्यांतच रस्ता. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस. आमचा हिशोब असा निघाला : १,१०० मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ६,६०० चौरस मीटर, ०.६६ हेक्टर. एक हेक्टरच्या आत. झाडांची मर्यादा त्या प्रमाणात ४९. एवढी झाडं तोडायची गरजच नव्हती.

गेल्या वर्षीच्या त्या बंधूंना उत्तर इथे आहे. त्या कलमात या सोयी सरकारने चालवलेल्या असाव्यात असं म्हटलं आहे. म्हणजे आपण वर्गणी काढून, जेसीबी लावून जंगलातून रस्ता केला असता तर तो गुन्हा ठरला असता. आणि खटला आपल्या आधी त्या पोडातल्या माणसांवर झाला असता, कारण जंगलाच्या हद्दीत रोज ते राहतात, आपण नाही.

तिसरी, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. ग्रामसभा म्हणजे कोणाची सभा? आमचं पोड गट ग्रामपंचायतीत आहे. ग्रामपंचायतीची सभा मोठ्या गावात भरते. पोडातली माणसं मजुरी बुडवून तिथे जात नाहीत, गेली तर मागे बसतात. पण आपला हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा आणि वनहक्क कायदा, दोन्हींनुसार इथे वस्ती किंवा पाडा हेच गाव धरता येतं, आणि त्या वस्तीची सभा ही ग्रामसभा. वनहक्क कायद्याच्या २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे तिच्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. घरोघर घेतलेले अंगठे त्यात बसत नाहीत. हजर म्हणजे एकत्र बसलेले. एकमेकांसमोर बोलता येईल असे.

चौथी, आदिवासींची शेतजमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ तर अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती मागतं. पण ग्रामीण रस्त्यांच्या योजनेत जमीन विकत घ्यायला पैसा नसतो. मग जमीन "दान" म्हणून लिहून घेतात. दान हा शब्द आपल्या मंडळीला चांगला ओळखीचा आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला दानाविषयी जे लिहिलं त्याचा अर्थ आपल्याला माहीत आहे : मन कुरकुरत असेल, कोणी भाग पाडत असेल, तर ते दान नव्हे. मंडळीच्या पेटीत पन्नास रुपये टाकणाऱ्याला आपण हा नियम सांगतो. तीन एकरांतल्या अर्ध्या एकराला तो लागू नाही का?

चावडीवरची सभा

मी पोडाच्या नाईकाकडे गेले. कोलामांच्या पोडात नाईक हा मानाचा माणूस. झालं ते सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चावडीवर बसू. बायकाईले बी बोलावतो."

सभा संध्याकाळी मजुरीहून परतल्यावर भरली. ७४ माणसं आली, त्यांत ३१ बायका. मी बोलायला नव्हते, लिहायला होते. तलाठ्याकडून मिळवलेली जुन्या गाव नकाशाची प्रत मी सोबत नेली होती. आपल्या जुन्या नकाशांची एक भाषा असते. पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात, गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी. कंदिलाच्या उजेडात आम्ही नकाशा पसरला. आजी म्हणाली होती तिथेच, वावरांच्या धुऱ्यांवरून नाल्यापर्यंत, दोन तुटक रेषा होत्या.

म्हणजे पांदण होती. सरकारच्या कागदावर होती, आजीच्या आठवणीत होती. जमिनीवर तेवढी नव्हती, कारण एका मोठ्या कास्तकाराच्या वावरात ती हळूहळू नांगरली गेली होती. आखणी करताना त्या बाजूला गेलं तर वाद होईल, म्हणून रेघ सरळ ओढली. सरळ रेघ आजीच्या वावरातून गेली. आजी वाद घालणार नाही, एवढा अंदाज प्रत्येकाला होता. मलाही असावा, आणि हे कबूल करताना मला लाज वाटते.

सभेत वाद झाला. काही तरुण म्हणाले, आता बदल केला तर रस्ताच हातचा जाईल, एका माणसासाठी सगळं पोड का अडवायचं? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. एका बाईने उठून त्यांना विचारलं, "उद्या तुह्या वावरातून गेला तं?" शेवटी ठराव झाला : रस्ता हवा, पण जुन्या पांदणीवरून. जंगलातल्या भागात मोहाची झाडं वाचवून वळण घ्यावं. तीन संमतीपत्रं रद्द. वाचून दाखवलं, कोलामीत सांगितलं, मग अंगठे झाले. या वेळी आजीने अंगठा लावण्याआधी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

तो पावसाळा

आता मी जे सांगणार आहे ते सांगणं मला सोपं नाही.

फाईल परत पहिल्या पायरीवर आली. पांदणीची मोजणी, अतिक्रमणाची तहसीलला सुनावणी, नवीन आखणी. पावसाळा सुरू झाला आणि काम सुरू झालं नाही. ऑगस्टमध्ये पोडातल्या एका पोरीला रात्री कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. नाल्याला पाणी. तिला बाजेवर घेऊन माणसं काठावर उभी राहिली, पहाटेपर्यंत. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

मी तिच्या घरी गेले तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता. मी गप्प बसले असते, जुनी फाईल तशीच पुढे जाऊ दिली असती, तर निदान नाल्यापर्यंत कच्चा रस्ता झाला असता का? कदाचित झाला असता. हा प्रश्न मी प्रार्थनेत पुष्कळ वेळा ठेवला आहे आणि त्याचं पूर्ण समाधान मला मिळालेलं नाही.

पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. लोक म्हणतात, कायद्याने उशीर होतो. आमचा तो पावसाळा कायद्याने घेतला नाही. पहिल्याच दिवशी चावडीवर बसलो असतो, नकाशा पसरला असता, आजीला विचारलं असतं, तर एकाच फेरीत सगळं झालं असतं. दोन संध्याकाळी वाचवायला मी गेले आणि त्या दोन संध्याकाळींची किंमत एका वर्षाने द्यावी लागली. ती किंमत मी दिली नाही, त्या पोरीने दिली.

पुढे काय झालं

पावसाळ्यानंतर वनजमिनीचा प्रस्ताव गेला. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २००९ मध्ये याची रीत ठरवून दिली आहे. काम करणारी यंत्रणा नमुना अ भरते, सोबत ग्रामसभेचा ठराव. वनपरिक्षेत्र अधिकारी जागा पाहून अहवाल देतात, विभागीय वनाधिकारी निर्णय घेतात. त्यांना पटलं नाही तर विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. आमचा विषय तिथवर जावा लागला नाही. जागा पाहायला आलेल्या वनरक्षकाबरोबर पोडातली दहा-बारा माणसं चालली, कोणतं झाड राखायचं ते हाताने दाखवत. त्यांच्याच ठरावातली ओळ होती ती, त्यांना पाठ होती.

या उन्हाळ्यात खडीकरण झालं. रस्ता सरळ रेघेपेक्षा साधारण दीडशे मीटर लांब झाला आहे. नाल्यावरचा पूल अजून बाकी आहे. म्हणून हा पावसाळाही आम्ही काळजीत काढला, पण रुग्णवाहिका आता नाल्याच्या अलीकडच्या काठापर्यंत येते. आजीच्या धुऱ्यावरची मोहाची झाडं जागेवर आहेत.

मोठे रस्ते

आपल्या जिल्ह्यातून मोठा रस्ताही येऊ घातला आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या आखणी व भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हाच्या आखणीप्रमाणे वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्ह्यांतून, त्यांत आपलं यवतमाळ. कोल्हापूरकडे शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला, काही ठिकाणी लोक बाजूनेही आहेत.

मी त्या महामार्गाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला उभी नाही. आपल्या मंडळीतही ज्यांची जमीन जाईल ते आणि ज्यांना रस्ता हवा ते, दोघेही बसले आहेत. मला एवढंच म्हणायचं आहे की अडीच किलोमीटरला जो प्रश्न लागू आहे तोच आठशे किलोमीटरला लागू आहे. सगळे कागद नियमात बसतात का, हे अधिकारी तपासतील. ते त्यांचं काम आहे. ज्याचं वावर आहे त्याला कागदाआधी विचारलं का, त्याला नाही म्हणता आलं का, हे विचारणं आपलंही काम आहे. एलीया अहाबाला भेटला तो दरबारात नव्हे. तो त्या द्राक्षमळ्यातच जाऊन उभा राहिला.

तुमच्याकडे मागणं

शेवटी हितचिंतकांना सांगते. आपल्या वर्गणीतून गेल्या दोन वर्षांत या कामावर जो खर्च झाला, तो मुरमावर झाला नाही. नकाशाच्या प्रती, मोजणीची फी, तहसील आणि पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयाच्या फेऱ्या, सभेच्या दिवशी दूरच्या मजुरांना परत आणायला गाडी, यांवर झाला. अहवालात हे फोटोला चांगलं दिसत नाही, मला माहीत आहे. उद्घाटनाची फीत कापतानाचा फोटो जास्त शोभतो. तरी मी तुमच्याकडे पुढच्या वर्षीही याच कामासाठी मागते. आणखी दोन पोडांची नावं यादीत आली आहेत. तिथे या वेळी नकाशा आधी जाणार आहे, शाईचा डबा शेवटी.

जे कायद्याचं शिक्षण घेतात, मोजणी जाणतात, जुनी मोडी किंवा जुने नकाशे वाचतात असे आपल्या मंडळीत कोणी असतील, त्यांनी वर्षातले चार दिवस आम्हांला द्यावेत. चार दिवस पुरतात.

आणि प्रार्थनेसाठी तीन विनंत्या. नाल्यावरच्या पुलासाठी, तो पुढच्या पावसाळ्याआधी व्हावा म्हणून. त्या पोरीसाठी, ती पुन्हा गरोदर आहे आणि तिचे दिवस फेब्रुवारीत भरतात. आणि त्या मोठ्या कास्तकारासाठी. त्याने पांदण मोकळी केली खरी, पण सुनावणीनंतर, आणि अजून पोडातल्या माणसांशी तो बोलत नाही. रस्ता आता त्याच्याही वावराला लागून जातो. त्याचाही कापूस त्याच रस्त्याने बाजाराला जाणार आहे.

आजीने निघताना मला निरोप दिला होता, तो तुम्हांला देते. मी म्हटलं, आजी, यवतमाळला आमची सभा आहे, तुमच्या रस्त्याविषयी बोलणार आहे. ती म्हणाली, "बोला ना. पण पूल नाई झाला हे बी सांगजा."

सांगितलं.